जावयाऐवजी अख्खी वरात

नंदनवन, नागपूर

लाडक्या भागीरथेले थोरल्या बहिणीचा, मनकर्णाचा, पोटभर आशीर्वाद,

तुझे गुडघे काय म्हणतात वं? तुझ्या नातसुनेले, दिपालीले, दिवस गेले हे ऐकून मी देवापुढं साखर ठेवली. इकडं सारे खुशाल, फक्त माझं तोंड सोलून राहिलं. (फोनवरच सांगितलं असतं, पण आमची सून कामिनी कान देऊन ऐकते.)

झालं असं, माझ्या नातीची, उन्नतीची, पीएचडीची शेवटची परीक्षा होती, सगळ्यांसमोर उभं राहून बोलायची. मले म्हणे, आजी, तू पहिल्या रांगेत बस. आता पहिल्या रांगेत हे सुरकुतलं तोंड घेऊन कशी बसू? तिच्या कपाटात पुटकुळ्यांच्या मलमाची नळी होती, व्हिटॅमिन ए वाली. म्हटलं, गाजरातलंच ते, करून करून काय करणार! बेसन-हळदीत अर्धी नळी पिळली, नवरीले थापतात तशी थापली आणि गच्चीवर उन्हात वाळत बसली. मग काय, तोंड लालभडक, अन् पापुद्रे निघून राहिले.

उन्नतीनं कपाळावर हात मारला, तिची पीएचडी नेमकी त्याच औषधावर. म्हणे, आजी, आपल्या पेशीपेशीत जीन असतात, कोणतं काम करायचं ते सांगणारे. त्यांच्या दारात एक जोडपं पाटावर बसलेलं असते, त्याले रिसेप्टर म्हणतात. सोबत चूल पेटू न देणारी खडूस मंडळी. व्हिटॅमिन ए चं आम्ल जावयासारखं येऊन त्या जोडप्याले भेटलं का खडूस मंडळी उठते, आचारी येतात, चूल पेटते, नवी कातडी बनायले लागते. "अन् तू जावयाऐवजी अख्खी वरात घुसवली!"

कामिनी म्हणे, आता घरीच बसा. मी काय ऐकते! पदर ओढून बसली पहिल्या रांगेत. परीक्षकानं विचारलं, हे औषध जास्त झालं तर काय होते? पोरगी घाबरली, नुसती कागद चाळून राहिली. शेवटी मी उभी झाली आणि पदर बाजूले केला. सारे हसले, पोरगीही हसली, आणि मग अशी घडाघडा बोलली का परीक्षकच पाणी प्याले. डॉक्टर झाली वं आपली उन्नती!

तुझीच,
मनकर्णा

ता. क. दिपालीजवळ तशीच नळी आहे ना? मी पाहिली होती. पोटुशीनं ती लावायची नाही, उन्नतीनं बजावून सांगितलं. पोटातल्या बाळाचेही जीन त्याच जावयाचं ऐकतात. आजच काढून घे.

आणखी एक. काढून घेतली तर फेकू नको. माझा डावा गाल सोलून झाला, खालून असा नवाकोरा निघाला का कामिनी चोरून पाहते. तुझा नातू पियुष काटोलहून इकडं येईल तेव्हा संत्र्यांच्या पिशवीत खाली घालून पाठव. उजवा गाल बाकी आहे. (मटराएवढीच लावीन, तुझी शपथ.)