जिन्याखालच्या दोघी

दि. १२ सप्टेंबर, दुपार

प्रिय धाकटे,

थोरल्या जावेचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे, गुडघे सोडून. ते तुझ्यासारखेच, माझं ऐकत नाहीत. नातीचा फोटो सूनबाईने पाठवला. नाकाचा शेंडा बघ, थेट तुझा!

परवा आपल्या ऑफिसात गेले होते. जिना अजून तसाच आहे. मोठे साहेब पाहुणे घेऊन आले की मुकादम आपल्याला बादल्या-झाडूंसकट जिन्याखालच्या खोलीत कोंडायचा. "आवाज नको हं, बायांनो!" आणि नेमकं तेव्हाच तुला हसू फुटायचं. "अक्का, पाहुणे बघा कसे चालतायत, जशी काही फरशी त्यांच्या आजीनेच पुसलीय!" हसू दाबायला मी तोंडात फडकं कोंबलं, ते निघालं फरशीचं! तू लोळायचीच बाकी होतीस.

किती हसलो गं तिथे. पण परवा त्या दारासमोर उभी राहिले आणि हसूच आलं नाही. फरशी पाहुण्यांना दाखवायची आणि पुसणारी लपवायची, असंच होतं ना ते?

तू जिला फडकं पिळायला शिकवलंस ती घारी आठवते? पिकली आता. पण दरवर्षी ठेकेदार बदलतो आणि दरवर्षी ती कागदावर नवी होते. पगारही नवख्याचाच. सगळ्या मिळून कोर्टात गेल्यात. ऑफिस म्हणतं, सफाईची माणसं आमची कधी नव्हतीच. आता आपल्याला तर ऑफिसनेच ठेवलं होतं, तेव्हा ठेकेदार होता कुठे? ते सांगणाऱ्या आपण दोघीच उरलोय. वकीलबाई म्हणतात, एकीच्या सांगण्यावर भागणार नाही.

एवढं लिहायला इतकी वळणं का घेतली, तुला कळलं असेलच. सूनबाईने मला फोनवर विचारलं होतं, "आई ऑफिसात टेबलावर होत्या ना?" मी म्हटलं, "अगं, सगळी टेबलं तिच्याच हाताखाली होती." वेळ मारून नेली. पण लेकाच्या लग्नात तू ते ॲसिडने फाटलेले हात पाठीमागे धरून उभी होतीस, ते मी पाहिलंय.

कोर्टात सगळ्यांदेखत काम सांगावं लागेल. घरी कळेलच. म्हणून आधी तूच सांग, माझ्या तोंडून नको. यासाठीच उघडं पोस्टकार्ड न टाकता पाकीट चिकटवलंय. नाही जमलं तर मी रुसणार नाही. घारीला मात्र काय सांगू, ते मला सुचत नाही.

गुरुवारी सकाळी मी कोर्टाच्या पायऱ्यांवर असेन. बोलावणं येईपर्यंत आत जाणार नाही, रस्त्याकडे बघत बसेन.

तिथे जशी सही करणार आहे, तशीच इथे करते.

तुझी थोरली जाऊ,
सफाई कामगार