लहान म्हणजे लहान

३ फेब्रुवारी
आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हवामान-हस्तक्षेप विधेयकाचं कलम २ माझ्याकडे सोपवलं. कलम २ म्हणजे व्याख्या. दंड, शिक्षा, अपील ही कलमं कुणीही लिहील. व्याख्येला डोकं लागतं. साहेब म्हणाले, दुसरं कुणी रिकामं नव्हतं. कौतुक करायची त्यांची ही पद्धत आहे.
संकल्प: पंधरा दिवसांत पूर्ण. रोज सकाळी एक तास, चहाच्या आधी.

५ फेब्रुवारी
चहाच्या आधी जमत नाही. चहानंतर.
मसुदा पहिला: 'हवामान बदलेल अशी कोणतीही कृती.' टायपिस्ट बाईंनी विचारलं, मग स्कूटर चालवणं पण? मी म्हटलं, तुम्ही टाइप करा. जेवताना लक्षात आलं, स्कूटर पण. 'हेतुपुरस्सर' हा शब्द घातला. बाईंना कारण सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी
सल्लागार म्हणून नेमलेल्या शास्त्रज्ञ बाई आल्या. म्हणाल्या, झाड लावणारा माणूस हेतूनेच लावतो, गच्चीला पांढरा रंग देणाराही. तुमच्या कायद्यात दोघे आत जातील. आणि धुराडेवाला म्हणेल, माझा हेतू धंद्याचा, हवामानाचा नव्हे, तो सुटेल. साहेब म्हणाले, माळी आत आणि धुराडं बाहेर, छान.
मी हसलो नाही. हे काम गंभीर आहे.

२६ फेब्रुवारी
पंधरा दिवस होऊन गेले. सुट्ट्या आणि मीटिंगा वजा केल्या तर अजून चार शिल्लक.
'मोठ्या प्रमाणावर' घातलं. मोठं म्हणजे किती, हे आकड्यात लिहा म्हणून शास्त्रज्ञ बाईंनी दोन पानी टिपण दिलंय. रविवारी शांतपणे वाचणार.

२ मार्च, दुपारी १२.५०
दीडला मसुदा छपाईला जायचा. टिपण घरी राहिलं. (वाचायचंही राहिलं.) बसल्या बैठकीला ओळ लिहिली: 'संशोधनासाठी केलेले लहान प्रयोग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतील.' साहेबांनी विचारलं, लहान म्हणजे? मी म्हटलं, साहेब, लहान म्हणजे लहान. लहान पोरालाही कळतं. सगळे हसले. दीडच्या आत फाइल गेली.
वेळेवर सुचणं ही देणगी असते.

१९ मार्च
विधेयक मंजूर. माझ्या कलमावर एकही प्रश्न आला नाही. पेढा वाटावा तसा मीच सगळ्यांना चहा पाजला.

५ एप्रिल
खाडीवर ताईकडे गेलो. वडिलांमागे मिठागर तिनेच चालवलं. माझं लॉ कॉलेज त्या मिठावर झालं.
वाफे भरलेत, पण मीठ धरत नाहीये. ताई म्हणाली, पंधरा दिवस आभाळ दुधाळ आहे. समोर पाण्यात बोटी उभ्या. त्या समुद्राचं पाणी बारीक तुषार करून वर सोडतात. ढग पांढरे करून ऊन परतवायचं म्हणे. लोक त्यांना ढगवाले म्हणतात. बोटीवर पाटी आहे: संशोधन.
मी म्हटलं, एखादा सीझन असा जातोच. जेवलो नाही.

९ एप्रिल
ऑफिसात ढगवाल्यांची फाइल काढली. परवानगीचा अर्ज नाही, कारण लागतच नाही. नुसती कळवल्याची पत्रं. प्रयोग क्रमांक १, एक बोट, एक सकाळ. प्रयोग क्रमांक २, एक बोट, एक सकाळ. असे सदतीस.
टिपण आज वाचलं. दुसरं पान, तिसरी ओळ: 'एकाच संस्थेचे सर्व प्रयोग एकत्र मोजावेत.'
संकल्प: रविवारी जाऊन ताईला सगळं सांगायचं. काही लपवायचं नाही.

१२ एप्रिल, रविवार
सर्दी. गेलो नाही. बायको म्हणाली, सर्दी नाकाला झालीय, तोंडाला नाही, फोन कर. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात.

१९ एप्रिल
गेलो. तोंड उघडायच्या आत ताईने कोरा कागद पुढे केला. ढगवाल्यांविरुद्ध तक्रार लिहून दे, तुझं अक्षर चांगलं, कायदाही तुला कळतो. शेजारणीला म्हणाली, माझा भाऊ कायदेच लिहितो.
दोन पानं लिहिली. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं ड्राफ्टिंग. ताईने सही केली.
सांगितलं नाही. एका भेटीत दोन विषय नकोत.

२९ एप्रिल
तक्रार अभिप्रायासाठी माझ्याच टेबलावर आली. टायपिस्ट बाईंनी अक्षर ओळखलं आणि कागद पालथा ठेवला.
फाइल दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. पण का, म्हणून विचारलं असतं. ठरवलं, ताईच्या बाजूने दणदणीत अभिप्राय द्यायचा. कलम चार वेळा वाचलं. कुठे फट सापडेना. आपणच इतकं घट्ट लिहिलं असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी लिहिलं: 'सबब, कारवाई करता येत नाही.' साहेब म्हणाले, प्रथमच काहीतरी स्पष्ट लिहिलंत.
जेवणाचा डबा तसाच परत आणला.

१७ मे
ताईच्या हातात उत्तराचं पत्र होतं. मला म्हणाली, मोठ्याने वाच. वाचलं. मग सगळं सांगितलं. कलम, दीड वाजता, टिपण, अभिप्राय. सगळं.
तिने पत्र परत घेऊन घडी घातली. मग म्हणाली, "लहान म्हणजे किती, ते लिहिलंच नाहीस?"
"घाई होती."
"मला विचारायचंस. किती ऊन गेलं की मीठ धरत नाही, ते मी सांगितलं असतं."
एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. महिन्याभरात दुरुस्ती करून आणतो, असं वचन दिलं. तिने मान हलवली, जशी मी शाळेत पहिला येणार म्हणायचो तेव्हा हलवायची.

२५ मे
दुरुस्तीचा प्रस्ताव दिला. साहेबांनी समिती नेमली, मला सचिव केलं. पहिली बैठक झाली. 'लहान'ची व्याख्या करण्याआधी 'प्रयोग'ची करावी, असं ठरलं. पुढची बैठक हिवाळ्यात.
संकल्प: (नंतर लिहीन.)

१३ जून, शनिवार
ताई दुपारी घरी आली. पावसानंतर वाफ्यांत पाणी घ्यायचंच नाही, असं तिने ठरवलंय. पिशवीतून फॉर्म काढला. ढगवाल्यांच्या बोटींवरच्या फवाऱ्यांची तोंडं मिठाने चोंदतात, ती खरवडायला माणसं हवीत. मिठाची खोड माझ्याइतकी कुणाला ठाऊक, म्हणाली. सरकारी अधिकाऱ्याचा चारित्र्याचा दाखला हवा. पाच वाजता मुदत संपत होती.
मी म्हटलं, ताई, नको करूस हे. ती म्हणाली, "मग काय करू, ते सांग."
मी पेन काढलं. दाखला लिहिला. 'प्रामाणिक व मेहनती.' तिने दोनदा वाचला, म्हणाली, ठीक आहे. सही केली, पण शिक्का ऑफिसात. रिक्षाने गेलो, वॉचमनकडून कुलूप उघडून घेतलं, शिक्का मारला आणि फॉर्म स्वतः बोटींच्या ऑफिसात नेऊन दिला. पोच घेतली. वेळ, चार वाजून दहा मिनिटं.
ताई सोमवारपासून कामावर.