नीलिमाचा ढोल

मंगळवार, सनीव्हेल

आज पुन्हा चुकलो. पोर्तो रिकोच्या बोंबा गाण्यांची जुनी, गाजलेली रेकॉर्ड आमचा ग्रुप नव्याने करतोय. मुख्य ढोल नीलिमाचा होता. ती गेल्यावर तिची जागा मी मागून घेतली. लहानपणी तबला शिकलो होतो, तोच आता आड येतोय. बोंबात ढोलाने नाचणारीच्या पावलांमागे जायचं असतं. मी मात्रा मोजत समेवर येतो, तेव्हा आमच्या ईशाचा पाय अजून हवेत असतो.

"बाबा, तू परत काउंट करतोयस. माझ्या पायांकडे बघ ना. आई कधीच मोजायची नाही."

"कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मीच मोजायचो," मी म्हणालो. ती हसली. मीही, कित्येक दिवसांनी.

ग्रुप चालवणाऱ्या कार्लोसने हळूच विचारलं, शनिवारच्या रेकॉर्डिंगला ढोल कॉम्प्युटरवर करायचा का? नको म्हणालो, जरा जोरातच. कॉम्प्युटरही मोजूनच वाजवणार.

ईशाच्या पायांकडे बघवत नाही, हे कुणाला सांगू? चाल अगदी नीलिमाची आहे. पण बघायचं. उद्यापासून रोज ऑफिसनंतर, गॅरेजमध्ये सराव. ईशाला तेवढंच सांगितलं.

ईशा म्हणाली, "ओके, पण कार बाहेर पार्क कर."

आत्ताच करून आलो.