चावलेली राळ

१८ नोव्हेंबर

अल्सर! पोटातून तपासायला काढलेला तुकडा मात्र साधा निघाला—कर्करोग नाही. हे आधी लिहायला हवं होतं. आई पोटाच्याच कर्करोगाने गेली. तपासणीची नळी घशात जाताना मला तीच दिसत होती.

जंतू आहे. डॉक्टर चामोरो म्हणाली, "तो पोटाला चिथावतो. एक हार्मोन वाढतं, त्यानं आम्ल वाढतं, मग जखम भरायचं नाव घेत नाही." गोळ्या घ्यायच्या, मग पुन्हा नळी. तेव्हाही भरली नसेल तर पुन्हा तुकडा काढायचा. नको!

जंतू तोंडावाटे जातो म्हणे. आर्सेसिओचा चेहराच पडला. आम्ही नवरा-बायको लाकडी डब्यांवर राळेचा मुलामा चढवतो. राळ चावून मऊ करायची, मग दोघांनी कडा हातांत नि दातांत धरून पातळ पडदा ताणायचा. इतकी वर्षं त्यानं चावलेली राळ माझ्या तोंडात!

"म्हणजे मीच दिला तुला?"

"नाहीतर मी तुला. दुसरं काय दिलंय आपण एकमेकांना?"

बोलून गेले. मूल झालं नाही, ते दोघांनाही आठवलं. तो राळ दळायचं यंत्र पुसत बसला.

२ डिसेंबर

गोळ्या अख्ख्या पास्तो शहरात नाहीत. औषधवाला म्हणतो, "पुढच्या आठवड्यात, सेन्योरा." जळजळ थांबत नाही.

५ डिसेंबर

डॉक्टरला फोन केला. धीर द्यायला म्हणाली, "थुंकीतही जखम भरून आणणारं द्रव्य असतं. प्राणी उगाच नाही जखमा चाटत!" मग माझ्याइतकी थुंकी कोण गिळतं? राळ दळायचं यंत्र घरात आहे, पण माझी राळ मी चावूनच मऊ करणार. आर्सेसिओची त्याची त्याने चावावी.

सासूबाईंचं वेगळंच. "राळ कसली चघळतेस, बकरीसारखी! कच्च्या बटाट्याचा रस पी." पिते. घाण लागतो.

२१ डिसेंबर

आज दुखलं नाही. कालही नाही! कुणाला सांगत नाही, दृष्ट लागेल.

७ जानेवारी

कार्निव्हल संपला. कानात अजून उधळलेली पांढरी पावडर. काल भाजलेल्या गिनीपिगची, कुयची, अख्खी तंगडी खाल्ली, वर तिखट चटणी—पोट गप्प! आता घरात श्रेयावरून जुंपली आहे. सासूबाई म्हणतात रस, मी म्हणते राळ. आर्सेसिओ म्हणतो, "माझी कटकट."

पाळी मात्र गेली वाटतं. बेचाळीस झाले. आईचीही लवकर गेली होती.

१६ जानेवारी

गोळ्या आल्या. घेतल्या नाहीत. दुखत नाही तर कशाला? आर्सेसिओ भडकला. "तुझ्या आईलाही मधे बरं वाटलं होतं, लुदिव्हिया!"

खरं आहे. त्याच्या रागाचा राग आला, पण डॉक्टरची वेळ त्याच्याकडूनच घेऊन ठेवली.

२२ जानेवारी

एकटीच गेले, त्याला डबे पोचवायचे होते. नळीच्या भीतीने सकाळपासून उपाशी. डॉक्टरला ऐटीत सांगितलं, राळेनं बरं केलं. ती हसली. "केलं असेल थोडंफार. पण जंतू असताना पोट इतकं गप्प? पाळी कधी आली होती?"

"गेली आता."

तिने नळीची तयारी थांबवायला सांगितलं. म्हणाली, आधी लघवी तपासू.

२२ जानेवारी, संध्याकाळ

दोन रेघा.

"या दिवसांत आम्ल बरेचदा कमी होतं, जखम भरणारी द्रव्यं वाढतात," डॉक्टर सांगत होती. "जंतू आहे तिथेच आहे. त्याच्याकडे बाळंतपणानंतर बघू. दुखलं तर मात्र लगेच ये." मी रडत होते, निम्मं ऐकलंच नाही.

आर्सेसिओला अजून सांगितलेलं नाही. उद्या पडदा ताणताना सांगणार—दोन्ही हात अडकलेले, कड दातात. तोंड उघडलं की पडदा फाटणार.

फाटू दे!