भाचीच्या आवाजाबाबत

दिनांक ९ मार्च २०२३, गुरुवार, दुपारचे चार. हातातले शिलाई मशीन तेल घालून, पुसून ठेवले आणि हे मृत्युपत्र लिहायला बसलो. उद्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात, पण मी काळजीखोर माणूस. मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला जवळ कोणी नाहीच.

१. खोली भाड्याची, ती मालकाची. बँकेतली शिल्लक भाचीच्या शिक्षणासाठी ताईच्या हाती द्यावी.

२. पेचकस, पकडी आणि तेलाची बुधली समोरच्या शिंपीणमावशींना. त्या तशाही न विचारता नेतात, आता हक्काने न्याव्यात.

३. शाळेबद्दल. आमची वस्ती बाहेरून आलेल्या काळ्या माणसांची, सगळे यंत्रमागावर. मागाच्या खडखडाटात बोलायचे म्हणजे ओरडायचे, तीच सवय घरी. समोरच्याला पटले नाही असे वाटले, की तेच पुन्हा वरच्या पट्टीत सांगायचे. सातवीत असताना डस्टर लागून वर्गाची काच फुटली. तो फेकला घाऱ्याने. घाऱ्या म्हणजे माझ्या बाकावरचा गोरा मुलगा. बाईंनी मला उभे केले. मी म्हटले, "मी नाही." त्या म्हणाल्या, "आवाज खाली." मला वाटले, पटले नाही, म्हणून आणखी मोठ्याने सांगितले. घाऱ्या वहीत बघत राहिला.

वडील पाळी संपवून तसेच आले आणि आपल्याच आवाजात विनवू लागले. मुख्याध्यापक म्हणाले, "बापच असा, तर पोरगा कसा असणार?" शाळेतून माझे नाव कमी केले. त्या वर्षी नाव कमी झालेली सगळी मुले आमच्याच वस्तीतली. मस्ती मात्र सगळ्या वर्गाची असायची.

तेव्हापासून मी हळू बोलतो. गिऱ्हाईक दोनदा विचारते. आईचे कान मागाने नेले होते. ती जाईपर्यंत माझे निम्मे बोलणे तिला ऐकूच आले नाही, नुसती मान हलवायची.

४. आता त्याच शाळेने भाचीला उद्धट ठरवले आहे. कोणीतरी शाई सांडली, ती "मी नाही" म्हणाली, एवढेच. सोमवारी ताईला बोलावले आहे, नाव कमी करायचे घाटते आहे. मी तेव्हा खाटेवर असेन किंवा नसेन. काहीही होवो, पोरीला हळू बोलायला कोणी शिकवू नये, ताईनेसुद्धा.

५. घाऱ्याला काही नाही. त्याचे औषधाचे दुकान बरे चालते. साक्षीदार दोन लागतात आणि गल्लीत मला ओळखणारे तेवढेच, म्हणून त्यालाही बोलावले आहे. त्याने सगळे वाचून मगच सही करावी.

ठिकाण: दुकानामागची खोली.
सही: शिलाई मशीन दुरुस्त करणारा

साक्षीदार पहिली, समोरची शिंपीण: माझ्यासमोर सही केली. पकड परत आणून ठेवली आहे. आधी बरा होऊन ये.

साक्षीदार दुसरा, औषध दुकानदार: माझ्यासमोर सही केली. कलम तीन खरे आहे. डस्टर मी फेकला. सोमवारी दुकान बंद ठेवून ताईंबरोबर शाळेत जाईन आणि मोठ्याने सांगेन.