कात्री लागलेलं कापड

प्रिय सेवारा,

हे पत्र तुला तपकिरी पँटच्या खिशात सापडलं असेल. आईसमोर सापडलं असेल तर मुकाट्याने घडी घाल आणि मागच्या जर्दाळूच्या झाडाखाली जाऊन वाच. गाठोडं घेऊन येणाऱ्या रोबिया मावशीला मी 'नवरीचे कपडे आहेत' एवढंच सांगितलंय. फोनवर हे बोलता येत नाही, तुला ठाऊकच आहे. आमच्याकडे माझा फोन स्पीकरवर असतो आणि स्पीकरसमोर सासूबाई असतात. मागे तू विचारलंस, "आपा, बरी आहेस ना?" तर माझ्याआधी त्याच म्हणाल्या, "बरी नसायला काय धाड भरलीय तिला?"

तर तुझा प्रश्न. लग्नाला कपड्यांचे तीस जोड पुरतील की चाळीस करू, रंग कुठले घेऊ. रविवारी मुलाकडचे येणार, सोयरिकीचा नान मोडणार, आणि एकदा नान मोडला की शब्द मोडता येत नाही. ताश्कंदहून तुझ्या भूगर्भशास्त्राच्या प्रवेशाचा कागद आलाय हे मात्र तू मला सांगितलं नाहीस. आईने सांगितलं, तेही तक्रार केल्यासारखं. "सोमवारी हजर नाही झाली तर जागा जाते म्हणे. जाऊ दे ना! दगड बघायला ताश्कंदला कशाला जायचं? आपल्या नदीत काय कमी आहेत?" सासूबाई इतक्या हसल्या की त्यांच्या पेल्यातला चहा हिंदकळला. मग आई म्हणाली, "सनोबर, तू समजाव तिला. तुझं ऐकते ती." मी म्हटलं, "हो आई." स्पीकरवर दुसरं काय म्हणणार?

म्हणून आधी कपड्यांचंच सांगते. मी लग्नात छत्तीस जोड आणले होते. आठवतं ना, आपल्या अंगणात दोऱ्या बांधून ते मांडले होते आणि गल्लीतल्या बायका एकेक हात लावून बघत होत्या? तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, मखमलीत तोंड खुपसून बसली होतीस. लग्नाच्या आठवड्यात मी दिवसातून चार-चार वेळा कपडे बदलले आणि प्रत्येक वेळी कमरेत वाकून सगळ्यांना सलाम केले. आठवडा संपला. नवव्या दिवशी मला बाजारातून सुया आणायच्या होत्या. पेटी उघडली, तर छत्तीसमधला एकही जोड सुया आणायला जाण्यासारखा नव्हता. जरी, मणी, झळझळीत रेशीम! घरातला साधा सुती झगा घालून दारापर्यंत गेले तर सासूबाई कडाडल्या, "अशी जाणार? लोक म्हणतील सुनेला उपाशी ठेवलंय." आत जाऊन रेशमी घातला, तर म्हणाल्या, "एवढी नटून एकटी कुठे निघालीस गं?" सेवारा, या दोन वाक्यांमध्ये माझी नऊ वर्षं गेली. सुया शेवटी सासूबाईंनीच आणल्या, जाड्या.

तेव्हा मला ल्युदा आपा फार आठवायची. कोकंदची आपली कोरियन शिंपीण, जिच्या दुकानात मी लग्नाआधी चार वर्षं मशीन चालवलं. तोंडात कायम टाचण्या, आणि टाचण्यांमधूनच बोलायची. "ज्या कपड्याबरोबर दुसरे तीन कपडे जात नाहीत, तो कपडा नव्हे, पाहुणा. त्याची बडदास्त ठेवा, तो कामाला यायचा नाही." गिऱ्हाईक बाईला ती आधी विचारायची, "कुठे जायचंय?" मग माप घ्यायची. मला इथे नऊ वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नाही. नवरा, इल्होम, तिकडे रशियात नोवोसिबिर्स्कला भिंती बांधतो, हिवाळ्यात वीस दिवस येतो. येताना डबाभर चॉकलेट आणि 'पुढच्या वर्षी' घेऊन येतो. माणूस वाईट नाही. वाईट असता तर रागवायला तरी बरं पडलं असतं.

आमच्याकडची दुसरी पेटी तू पाहिली नाहीस. ती ड्रेसपीसची. बारशाला, लग्नाला, कुणी हजहून आलं म्हणून, कुणी रशियाहून आलं म्हणून मिळालेली कापडं. ती शिवायची नाहीत, पुढे द्यायची. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्यातलं एक जांभळं कापड त्यांनी त्यांच्या चुलत जावेला दिलं होतं. ते आमचं सगळं मर्गिलान शहर फिरून सहा वर्षांनी माझ्याच लेकीच्या, ओयशाच्या पाळण्याच्या दिवशी परत आलं! किनारीवर सासूबाईंची पेनाची खूण तशीच. आणणारी बाई कौतुकाने म्हणाली, "खास तुमच्यासाठी निवडलंय हो." वीस बायकांनी ती खूण बघितली. सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ते कापड माझ्या अंगावर फेकून म्हणाल्या, "काप ते! पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर नको."

मी कापलं. आणि तेव्हाच मला कळलं की अख्खं कापड घराचं असतं, पण कात्री लागली की ते ज्याच्या मापाचं त्याचं होतं. ते मग कुणी कुणाला देऊ शकत नाही. त्यानंतर मी डोळे उघडे ठेवले. एखाद्या कापडाला कसर लागली, एखादं घडीवर विटलं, की मी म्हणायची, "हे दिलं तर आपलंच नाव जाईल." नाव जाईल म्हटलं की किल्ली फिरते. भडक फुलं अक्रोडाच्या सालीत उकळून शांत केली. सासूबाई दुपारी लवंडल्या की तासभर मशीन. असे चार वर्षांत सात कपडे झाले, जास्त नाहीत. दोन पँट, तीन शर्ट, गुडघ्याखाली येणारा एक सैल झगा आणि बिनअस्तराचं जाकीट. ते जांभळं कापड म्हणजेच ही तपकिरी पँट. काहीही कशावरही चालतं. झग्याखाली पँट घातली तर आजीलाही आक्षेप नाही, वर जाकीट चढवलं तर कचेरीत जा, बाह्या दुमडल्या तर डोंगर चढ. इस्त्री लागत नाही, मळ दिसत नाही. आणि सगळ्यांना खिसे आहेत. खिसे बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "सुनेला खिसा कशाला? घरातून काय न्यायचंय?"

गेले पंधरा दिवस मी राजरोस दिवसाढवळ्या शिवतेय, कारण 'बहिणीच्या लग्नाचं आहे' म्हटल्यावर घरात कौतुकच कौतुक. फक्त पँट बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी म्हटलं, "ताश्कंदच्या नवरीमुली आता लग्नाच्या आठवड्यानंतर असंच घालतात." तर म्हणाल्या, "मग ठीक. मागासलेले नको दिसायला." खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला नऊ वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

आता खरं सांगते. पँटच्या आतून बघ, जुन्या शिवणीची बारीक भोकं दिसतील. ते माझं माप आहे. हे सातही कपडे मी माझ्यासाठी शिवले होते. ल्युदा आपाने ताश्कंदला दुकान नेलं, एक मशीन माझ्यासाठी रिकामं ठेवते म्हणाली. एप्रिलमध्ये मी सासूबाईंना तोंडावर विचारलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "जा की. दार उघडंच आहे. पोरगी मात्र आमच्या घरची." मी पँट घातली, पांढरा शर्ट घातला, पिशवी उचलली आणि फाटकापर्यंत गेले. कुणी अडवलं नाही. अंगणात ओयशा माझी ओढणी डोक्याला गुंडाळून बाहुलीला सलाम करायला शिकवत होती, कमरेत वाकून. मी परत फिरले. तिला सोडून मला जाता येणार नाही, आणि तिला घेऊन मला कुणी जाऊ देणार नाही. म्हणून मी शिवण उसवली. तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच, कमरेत बारीक. अंदाजाने केलंय, चुकलं असेल तर ल्युदा आपा नीट करून देईल. मावशीच्या फोनवरून तिला तुझं नाव कळवलंय, दुकानामागची खोली तुझी. शनिवारी सकाळी कोकंदहून खिंडीपलीकडे ताश्कंदला जाणाऱ्या टॅक्सीत बस. इकडे माझा निरोप घ्यायला येऊ नकोस, आलीस तर मी तुला धरून ठेवीन, इतकी मी एकटी आहे. आई रडेल, मला शिव्या देईल, देऊ दे. मी तुला समजावावं असं तिनेच सांगितलं होतं. समजावलंय. जा.

तुझीच,
सनोबर आपा