हललेला फोटो

बाबा, तुमच्या छातीचे मी दोन फोटो काढले होते. डॉक्टरले एकच दाखवला. तुमाले जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे आईलेही सांगतलं नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात तुमी जन्मभर एक्स-रे काढले. "श्वास धरा" म्हणून पेशंटसंगं सोताही धरायचे. मी दारातून पाहून हसायची. मंग रिटायर होऊन मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत रमले, अन् मी अमरावतीत तुमचंच काम करून राहिली. त्या साली फवारणीचं विषारी औषध बाधलेले लोक रोज यायचे. एक दिवस तुमीच आले, बागेत फवारल्यापासून दम लागते म्हणून. श्वास धरवला नाही, फोटो हलला. मी चिडली, "लोकायले जन्मभर शिकवलं अन् सोताले जमत नाही?" तुमी हसले. "काढ पोरी, आता नाही हलत." सारा जीव एकवटून तुमी श्वास धरून ठेवला, माहा फोटो चांगला यावा म्हणून. आला, एकदम साफ. हललेला मी फेकून देला. डॉक्टरनं गोळ्या देऊन घरी पाठवलं. चौथ्या दिवशी श्वास पुरेनासा झाला अन् तुमी गेले.

आता आमच्याकडे कॉम्प्युटर छातीचा फोटो वाचते. फुप्फुसाचा खराब भाग लाल रंगवते, किती टक्के तेही सांगते. गर्दीच्या दिवशी लई कामाचा आहे. पण हललेला फोटो घेत नाही, पुन्हा काढा म्हणते, माह्यासारखंच.

मागच्या महिन्यात फवारणीचा एक माणूस आला, संगं त्याची पोरगी. पहिला फोटो हलला. दुसऱ्यावर कॉम्प्युटर म्हणे, नुकसान थोडंच. डॉक्टर मॅडम त्याले घरी पाठवून राहिल्या होत्या. मी दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले.

"मॅडम, याले श्वास धरवत नाही. ठेवून घ्या."

"अगं, कॉम्प्युटर तर बरं म्हणतोय."

"त्याले धरलेलाच श्वास दिसते, मॅडम."

त्यांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं अर्ध्याच्या वर लाल. घशात नळी टाकली, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर काढले, पण माणूस वाचला.

जाताना पोरगी माह्या पाया पडली. "ताई, तुमच्यामुळं बाबा घरी येऊन राहिले." तुले किती बरं वाटलं असन, असं सारे म्हणतात. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहते. मले त्या पोरीचा राग आला, बाबा. तिचे बाबा घरी चालले होते.